ओळीपुढचं नाव

लॉर्ड हाउ बेट
४ ऑक्टोबर

प्रिय उनामावशी,

पत्र बघून दचकली असशील. हल्ली कोण कोणाला कागदावर लिहितं! पण तू फोन उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस, आणि कोरिनच्या ‘मटनबर्ड’ प्रोग्रॅमच्या पानावर लोक जिथे बोलायचे ती जागाही तू बंद करून टाकलीस. मग उरलं पोस्ट. विमानात जागा झाली तर हे आठवड्यात पोचेल, नाहीतर बोटीने रखडत.

आधी मनातलं सांगतो. तुझा कोरिन गेला तेव्हा मी यायला हवं होतं. जूनमध्ये इथे असं वारं सुटलं होतं की चार दिवस विमानच उतरलं नाही. खोटं वाटेल, पण तसंच झालं.

आता कामाचं. कोरिनच्या मटनबर्डमध्ये एक चूक राहिलीय. तुमच्याकडे उन्हाळा आला की घड्याळ एक तास पुढे करतात. आमच्या बेटावर अर्धाच तास करतात. अख्ख्या जगात असे शहाणे आम्हीच. कोरिनने भरती-ओहोटीच्या वेळा काढताना सगळ्यांना एकच माप लावलं, त्यामुळे उन्हाळाभर आमच्या वेळा अर्धा तास उशिराच्या दाखवतो. बेटावरच्या माणसांना ते पाठ आहे, आम्ही मनातल्या मनात वजा करून टाकतो. पण बाहेरून शिडाच्या बोटी घेऊन येणाऱ्यांना काय माहीत? इथे मोबाइलला नेटवर्क नाही आणि मटनबर्ड नेटवर्कशिवाय चालतो, म्हणून जो येतो तो तोच उघडून बसतो. कोरिनला मी सांगितलं होतं. ‘करतो रे’ म्हणाला, आणि मग राहूनच गेलं.

चार ओळी बदलायच्या आहेत, मावशी. मी बदलून पाठवल्या. तू ‘नको, धन्यवाद’ लिहून परत केल्यास. पुन्हा पाठवल्या, पुन्हा ‘नको, धन्यवाद’. अगं, हा ओपन सोर्स प्रोग्रॅम आहे, सगळ्या जगाला उघडा. कोणीही सुधारणा पाठवावी आणि मालकाने बघून आत घ्यावी, अशी या कामातली रीत आहे. पासवर्ड हरवला तर पंचाईत नको म्हणून कोरिनने दुसरा मालक म्हणून तुझं नाव घालून ठेवलं होतं. आता तूच एकटी मालक उरलीस. तुला कोड कळायची गरज नाही. पहिल्या वर्षी मी आणि कोरिन मिळूनच बसायचो यावर, मला त्यातलं कळतं. तू फक्त हिरवं बटण दाब.

येत्या रविवारी घड्याळं पुढे जातील. त्याआधी झालं तर बरं.

तुझा भाचा,
गॅव्हन


सिग्नेट, टास्मानिया
१९ ऑक्टोबर

गॅव्हन,

मावशी म्हणू नकोस. तुझी आई माझी मावसबहीण, एवढ्यावर भाचेपण सांगत येऊ नये माणसाने. चार दिवस विमान नव्हतं म्हणे! पाचव्या दिवशी होतं ना? जुलैत होतं ना? घड्याळातला अर्धा तास तुला बरोबर कळतो, आणि भाऊ मेल्याचं दुःख कळवायला ऑक्टोबर उजाडतो. तेही काम निघालं म्हणून.

तुझं पत्र रविवार उलटून गेल्यावर आलं. आधी आलं असतं तरी उत्तर हेच होतं.

मला काही समजत नाही असं धरून चालू नकोस. जन्मभर शाळेचं ऑफिस सांभाळलंय मी, हेडमास्तरांना पुरून उरलेली बाई आहे. कोरिनने मला प्रोग्रॅमच्या पानावरची एक गोष्ट दाखवून ठेवली होती. एक बटण दाबलं की प्रत्येक ओळीपुढे ती कोणी लिहिली त्याचं नाव येतं. सकाळी चहा घेऊन मी तेच पान उघडते. कोरिन ट्रेथवी, कोरिन ट्रेथवी, कोरिन ट्रेथवी, वरपासून खालपर्यंत. ओळीत काय लिहिलंय ते मला कळत नाही. नाव कळतं. तेवढं पुरतं मला.

ऑगस्टमध्ये स्वीडनच्या कुठल्याशा माणसाने एका शब्दाचं स्पेलिंग सुधारून पाठवलं. मी भोळी, म्हटलं स्पेलिंगच आहे, आणि हिरवं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी बघते तर त्या ओळीपुढे कोरिन नाही. एका दाढीवाल्याचा फोटो. बदललं एक अक्षर आणि गेली अख्खी ओळ. थडग्यावरचं नाव खोडून कोणी आपलं लिहून गेलं तर तुला कसं वाटेल? त्या दिवसापासून माझं सगळ्यांना एकच उत्तर आहे.

आणि पहिल्या वर्षी तुम्ही दोघं मिळून बसायचात म्हणतोस. मग एका तरी ओळीपुढे तुझं नाव का नाही रे? बिस्किटं खायला बसत असशील.

अर्धा तास मनात वजा करता येतो ना? करा की मग. पाहुण्यांसाठी धक्क्यावर पाटी लावा. आणि फारच खुमखुमी असेल तर वेगळी चूल मांड. कोरिनच सांगायचा, ज्याला पटत नाही त्याने सगळा कोड उचलावा आणि आपली वेगळी चूल मांडावी, कोणाची ना नसते. माझ्या मुलाच्या चुलीत हात घालू नकोस.

उना ट्रेथवी


लॉर्ड हाउ बेट
११ नोव्हेंबर

श्रीमती उना ट्रेथवी यांस,

मावशी म्हणू नकोस म्हणालात, नाही म्हणत. माय मरो नि मावशी जगो म्हणतात. आमची माय मेली. मावशी जगली, पण काय कामाची!

वेगळी चूल कधीच मांडली असती. पण जेवायला कोण येणार? ज्याच्या त्याच्या फोनमधला मटनबर्ड कोरिनच्याच ठिकाणाहून नवा माल उचलतो. तिथे बदल झाला तर सगळीकडे होतो, नाहीतर कुठेच नाही.

आता ऐका. गेल्या गुरुवारी न्यूकॅसलचं एक जोडपं, वॉरिक आणि शोना, आपली शिडाची बोट घेऊन आमच्या सरोवरातून बाहेर निघालं. बाहेर जायची वाट म्हणजे प्रवाळातली एक अरुंद खिंड. मटनबर्ड म्हणत होता अजून वेळ आहे, आणि पाणी अर्धा तास आधीच उतरायला लागलेलं. बोटीचा तळ प्रवाळावर बसला. मागून लाट आली तशी बोट कलंडली, आणि शोनाचा पाय बोट आणि तिला बांधलेल्या छोट्या होडीच्या मध्ये सापडला. सगळ्यात आधी मी पोचलो. ती किंचाळत होती आणि तिचा नवरा हातात फोन धरून मला दाखवत होता, ‘हे बघा, यात वेळ आहे, यात अजून वेळ आहे!’ तिला विमानाने सिडनीला नेलं. परवा कळलं, गुडघ्याखाली कापला.

त्या दोघांना मटनबर्ड मीच दिला होता. बेटावर तो सगळ्यांना मीच देतो, माझ्या भावाने केलाय म्हणून मिरवत.

रोज चहा घेताना जे बटण दाबता त्याच्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलंत? ‘ब्लेम’. दोष कोणाचा ते बघायचं बटण आहे ते, बाईसाहेब. काही बिघडलं की ती ओळ कोणी लिहिली हे शोधायला आम्ही ते दाबतो. त्या चार ओळींपुढे कोरिन ट्रेथवी आहे. ओळ त्याची, तर तो पायही त्याचाच.

माझे बदल आत घ्या. नाहीतर मी हे सगळं पेपरवाल्यांना देतो, नावासकट. मग रोज सकाळी नाव वाचायला बटणसुद्धा दाबायला नको.

गॅव्हन पिलबीम


सिग्नेट
२३ नोव्हेंबर

गॅव्हन,

नाचता येईना अंगण वाकडं! ज्याला पाणी डोळ्यांनी दिसत नाही त्याने बोट कशाला घ्यावी? फोनमध्ये बघून कोणी समुद्रात जातं का? आणि तू, मेलेल्या मुलाच्या आईला पेपरची धमकी देतोस. नोरीनच्या पोटी असलं काही निपजेल असं वाटलं नव्हतं.

ती बाई कितीशी आहे वयाने? मुलंबाळं आहेत का? नको, सांगू नकोस.

तुझ्या चार ओळी घे. पण फुकट नाही.

बदल पाठवताना त्याच्याखाली टीप लिहायची असते, सगळ्या जगाला दिसते, हे मला ठाऊक आहे. तिथे असं लिहायचं: ‘ही चूक कोरिन ट्रेथवी यांची नाही. आमच्या बेटाची वेळ मी, गॅव्हन पिलबीमने, त्यांना चुकीची कळवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा दोष.’ यातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला चालणार नाही. मी छापून भिंतीला लावणार आहे.

खोटं आहे म्हणशील. असू दे. लोकांचे पाय वाचवायचेत ना तुला? मग नाक कापून दे. पायापुढे नाक ते काय मोठं!

हिरवं बटण आता माझ्याकडून दाबलं जात नाही, तिथे काहीतरी लाल येतं. म्हणून तुलाही मालक करून ठेवते, तुझं तू कर. फक्त चार ओळी. पाचवीला हात लावलास तर तू आहेस आणि मी आहे.

उना ट्रेथवी


लॉर्ड हाउ बेट
९ डिसेंबर

श्रीमती ट्रेथवी,

तुम्ही दिलेले शब्द जसेच्या तसे लिहिले. कानामात्रासुद्धा बदलली नाही.

बेटावर माणसं ती किती, आणि करमणूक ती किती! तुमची टीप कोणीतरी छापून बोलिंग क्लबच्या फळ्यावर टाचली, क्रिकेटच्या टीमशेजारी. गेस्टहाउसच्या मालकिणीने पाहुण्यांना माझ्या बोटीवर पाठवणं बंद केलं. गोड बोलून केलं, ‘तुझ्यावर रागवून नाही हो, पाहुणे घाबरतात.’ दुकानात गेलो की बोलणं थांबतं. ज्यांना मी लहानपणापासून मासे दिले ती माणसं मला किती वाजले ते विचारतात आणि एकमेकांकडे बघून हसतात.

शोनाच्या नवऱ्याचा क्लबवर फोन आला. ‘गॅव्हन पिलबीम म्हणजे तूच का?’ मी हो म्हणालो. पुढचं लिहीत नाही. मला ‘तसं नाही हो’ म्हणायचीही सोय तुम्ही ठेवली नव्हतीत. सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

चार ओळी बदलल्या. आता आमच्या वेळा बरोबर दाखवतो. आणखी थोडं काम पडलंय, मालक केलंच आहे तर तेही उरकून घेतो.

गॅव्हन पिलबीम


सिग्नेट
२८ डिसेंबर

गॅव्हन,

कोरिनचं नाव कुठे गेलं?

नाताळच्या सकाळी पान उघडलं. गॅव्हन पिलबीम, गॅव्हन पिलबीम, गॅव्हन पिलबीम. खालपर्यंत गेले, तळापर्यंत गेले. प्रत्येक ओळीपुढे तुझं टोपीतलं थोबाड, हातात मासा. मला वाटलं दुसरंच पान उघडलं गेलं. बंद करून पुन्हा उघडलं. चहा तसाच गार झाला.

चार ओळी म्हणाले होते मी तुला. चार! आयत्या बिळावर नागोबा! दुसऱ्याच्या पोराने उपाशीतापाशी उभं केलेलं घर, आणि हा आला पाटी बदलायला. लाज कशी वाटली नाही तुला? मी लगेच तुला मालकांतून काढायला गेले, तर ते बटणच नाही. मला लिहून येतं की तुम्हाला हा अधिकार नाही. मला! माझ्या मुलाच्या प्रोग्रॅमवर!

सकाळपासून तुझ्या घरी फोन लावतेय. वाजून वाजून बंद होतो. बसला असशील शेजारी हसत.

हे आत्ताच्या आत्ता होतं तसं कर.

उना


लॉर्ड हाउ बेट
१५ जानेवारी

प्रिय उनामावशी,

नाताळ कसा गेला? इकडे फार छान हवा होती.

अगं, किती घाबरतेस! मी फक्त साफसफाई केली. प्रत्येक प्रकल्पात अधूनमधून करावी लागते, कोणालाही विचार. कोरिन ओळी आत सरकवायला टॅबचं बटण दाबायचा, हल्ली सगळे स्पेस देतात. त्यासाठी एक प्रोग्रॅम असतो, त्याला एकदा सांगितलं की सगळ्या ओळी आपोआप एका मापात बसतात. मी कोरिनचा एक शब्द बदलला नाही. शब्दांच्या आधीची मोकळी जागा तेवढी बदलली. आता ओळीला ज्याचा हात शेवटी लागला त्याचं नाव दिसतं, त्याला मी काय करू? नियम मी केलेला नाही.

मालकांतून तुझं नाव मीच काढलं. वय झालं तुझं, चुकून भलतंच काही दाबलं जायचं. तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून केलं.

ते आता असंच राहणार. गेलेल्या माणसाचं किती दिवस उगाळत बसायचं, मावशी? सगळे म्हणतात बाहेर पडावं, चार माणसांत मिसळावं. तुमच्याकडे आता चेरी लागल्या असतील, काढायला जा कोणाच्या तरी बागेत. आणि सकाळचा चहा निवांत पी. गरम असताना.

तुझाच,
गॅव्हन


सिग्नेट
२४ जानेवारी

गॅव्हन बाळा,

चुकलं माझं. मी तुला नको ते लिहायला लावलं. त्या शोनाला मी स्वतः पत्र लिहिते. चूक माझ्या मुलाची होती असं लिहिते. तुमच्या क्लबच्या फळ्यावर लिहून पाठवते, प्रोग्रॅमच्या पानावर लिहिते, पेपरात छाप म्हणशील तर छापते. तू म्हणशील तिथे सही करते.

नाव परत दे रे. सगळं नको देऊस. एका ओळीपुरतं दे.

चंद्राचं गणित आहे ना त्यात, ज्यावरून भरती काढतात, त्याच्या मधोमध एक ओळ आहे. यंत्र वाचत नाही अशी. कोरिन म्हणायचा, अशा ओळी माणूस स्वतःसाठी लिहून ठेवतो. मला त्या सगळ्या पानांमधली तेवढीच ओळ वाचता आली. ‘आईला फोन कर.’

सप्टेंबरमध्ये सापडली. तुला कोरिन माहीत आहे. फोन करणारा मुलगा नव्हता तो. महिना महिना आवाज नाही. मी रुसायचे, मग मीही करायचे नाही, बघू म्हणायचे कोणाला आधी आठवण येते. तो गेला तेव्हाही आमचं असंच चाललं होतं. पोलीस दारात आले तर मला वाटलं शेजारच्यांची गाय सुटली असेल. त्यानंतर मी एकच विचार करत होते, या मुलाच्या मनात मी होते तरी का? आणि मग ती ओळ सापडली. एवढं कठीण गणित करताना मध्येच त्याला मी आठवले होते. केला नसेल फोन, पण आठवले होते. त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी नीट जेवले.

आता त्या ओळीपुढे तुझं नाव आहे. गॅव्हन पिलबीम, आईला फोन कर. तुझी आई तर मेली रे. तुला त्या ओळीचा काय उपयोग?

मी हात जोडते. एवढी एक ओळ.

उनामावशी


लॉर्ड हाउ बेट
१० फेब्रुवारी

उनामावशी,

खरं सांगतो, तुझं पत्र वाचायला घेतलं तेव्हा मी हसलो. बाई आली एकदाची वठणीवर, म्हटलं. बरं वाटलं. मग त्या ओळीपाशी आलो.

या कामात पुसलं काहीच जात नाही. जुने सगळे थर खाली तसेच राहतात. नावांच्या पानावर माझ्या नावाशेजारी एक बारीक चिन्ह आहे, ते दाबलंस की तू एक थर मागे जाशील. तिथे तुझा कोरिन आहे, वरपासून खालपर्यंत, होता तसा. हे मला जानेवारीतही ठाऊक होतं. मुद्दाम नाही सांगितलं. तू तडफडावीस असं वाटत होतं.

आता ते चिन्ह तिथे पुन्हा एकदा दाब. आणखी एक थर मागे जा.

सहा वर्षांपूर्वी कोरिनने हेच केलं होतं. साफसफाई. तेव्हा त्याने सगळ्या ओळी स्पेसच्या टॅब केल्या, आणि सगळ्यांची नावं त्याच्या नावाखाली गेली. त्याने मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, कदाचित त्याच्या लक्षातही आलं नसेल. पण खालच्या थरात कोण कोण आहे ते बघ. केर्न्सची एक मुलगी आहे. फिनलंडचा एकजण आहे. तुझा तो स्वीडनचा दाढीवाला, ज्याने एका स्पेलिंगसाठी तुझी ओळ पळवली, त्याची तर पानंच्या पानं आहेत. तू ज्यांना ‘नको, धन्यवाद’ म्हणत होतीस, त्यांच्याच ओळी त्यांच्यापासून राखत बसली होतीस. निम्म्याहून जास्त कोरिनच्या नाहीत. मलाही हे माहीत नव्हतं. तुझं पत्र आलं म्हणून खाली उतरलो.

त्या अर्ध्या तासाच्या चार ओळी मात्र तळापर्यंत कोरिनच्याच आहेत. तेही तपासलं.

आणि चंद्राचं गणित माझ्याकडे होतं. ‘आईला फोन कर’ ही ओळ माझी आहे. माझ्या आईचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यातली. शेजारी तारीख आहे, बघून घे. कोरिनला तू आठवली नव्हतीस. त्याने त्या ओळीआधीची मोकळी जागा तेवढी सारखी केली.

पहिल्या थरावर थांब, पुढे काही नाही, असं मी लिहू शकलो असतो. तुझं निभून गेलं असतं. पण क्लबच्या फळ्यावरचा तो कागद अजून कोणी काढलेला नाही. मी कशाला थांबवू तुला?

गॅव्हन


सिग्नेट
२१ फेब्रुवारी

गॅव्हन,

दोन्ही थर पाहिले. शेजारच्या मास्तरीणबाईंना सोबत बसवून घेतलं, म्हणजे माझे डोळे खोटं बोलतात असं म्हणायची सोय राहू नये. खरं आहे तुझं. कोरिनच्या आहेत म्हणून मी ज्या ओळींकडे मायेने बघत होते त्या परक्यांच्या निघाल्या, आणि त्याच्या म्हणून खात्रीने सांगता येतील अशा त्या चार, ज्यांनी त्या बाईचा पाय नेला. सकाळी आता पान उघडत नाही. चहा घेते आणि भांडी घासते.

‘आईला फोन कर’ तुझीच. तारीख पाहिली. आणि मग पुन्हा पाहिली, कारण ती तारीख मला पाठ आहे.

त्या आठवड्यात नोरीन होबार्टच्या इस्पितळात होती. उशाशी मी होते. तुला नंबर मीच कळवला होता, तू लिहूनही घेतला होतास, ‘करतो, मावशी’ म्हणाला होतास. फोन तिच्या उशालगतच्या टेबलावर होता. दर थोड्या वेळाने ती मला उचलून बघायला सांगायची, नीट ठेवलाय ना, आवाज येतो ना त्याचा. मी म्हणायचे, अगं, माझा पोरगाही असलाच आहे, आपण दोघींनी काय पाप केलं होतं कोणास ठाऊक! ती हसायची. मग म्हणायची, बोटीवर असेल, वारं असेल.

कोरिनच्या नावावर मी इतके महिने जे सुख खाल्लं ते नोरीनच्या वाट्याचं होतं. ती ओळ तू सगळ्या जगाला उघडी ठेवलीस. ज्याला पाहिजे त्याने वाचावी, फुकट घ्यावी. फक्त तिला सांगितलं नाहीस.

आपण यातून उठत नाही हे ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तिला कळून चुकलं होतं. बोलायचं त्राण नव्हतं, नुसती टेबलाकडे बघायची. मला बघवेना. मी तिला सांगितलं, नोरीन, तुला झोप लागली होती ना, तेव्हा गॅव्हनचा फोन येऊन गेला. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं आणि कधी सांगणारही नव्हते.

ती म्हणाली, ‘मग मला उठवायचं ना गं.’

उना